जेम्स रूस हायस्कूल : शेती शिकवणारी सिडनीची सरकारी शाळा

सिडनीच्या कार्लिंगफर्ड उपनगरातील जेम्स रूस अॅग्रिकल्चरल हायस्कूल ही सरकारी शाळा १९५९ साली सुरू झाली. शाळेला नाव मिळाले ते एका कैद्याचे. कॉर्नवॉलचा जेम्स रूस १७८८ मध्ये पहिल्या ब्रिटिश ताफ्यातून ऑस्ट्रेलियात आला. शिक्षेची मुदत संपल्यावर त्याने जवळच्याच पॅरामॅटा येथे स्वतःच्या कष्टावर शेती पिकवता येते हे सिद्ध केले आणि ३० एकर जमीन मिळवली.

सुरुवातीला फक्त मुलांसाठी असलेल्या या शाळेत १९७७ पासून मुलीही शिकू लागल्या. वर्ग सातवी ते बारावीपर्यंत आहेत आणि सातवीचा प्रवेश राज्यस्तरीय परीक्षेतून होतो.

आवारातच शाळेचे शेत आहे. भोवती उपनगरातली घरे, आत मेंढ्या, कोंबड्या, फळझाडे आणि भाजीपाल्याचे वाफे. दहावीपर्यंत शेती हा विषय प्रत्येकाला सक्तीचा असल्यामुळे गणितात हुशार असलेल्या मुलालाही मातीत हात घालावेच लागतात. ‘शब्द नव्हे, कृती’ या अर्थाचे लॅटिन ब्रीदवाक्य इथे रोज प्रत्यक्षात उतरते.

बारावीच्या निकालात ही शाळा १९९६ ते २०२२ अशी सलग २७ वर्षे न्यू साउथ वेल्समध्ये पहिली होती. २०२३ मध्ये हा मान नॉर्थ सिडनी बॉइज हायस्कूल या दुसऱ्या सरकारी शाळेकडे गेला.