‘आमचं माणूस काय उंदीर हाय?’

रोज रंकाळ्याला फेरी मारणारे आजोबा परतताना घरची गल्ली चुकले, की पहिले निदान घरातच होते : ‘साठी बुद्धी नाठी’. पण डिमेन्शिया म्हणजे म्हातारपण नव्हे, तो मेंदूचा आजार आहे. लासी-डॅड या देशव्यापी पाहणीच्या अंदाजाने भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे.

अशा घरात डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीचा विषय काढला, की कोणीतरी उसळतोच, ‘आमचं माणूस काय उंदीर हाय?’ हा संशय अगदीच पोकळ नाही. आपल्याकडे चाचण्यांत गैरप्रकार झाले, म्हणूनच प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि २०१९ साली नवे नियम आले. आता नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय चाचणी सुरू होत नाही. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत हवे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. मधूनच बाहेर पडता येते, कारण न देता. चाचणीची नोंद आहे की नाही, हे सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत कोणालाही फुकट पाहता येते. संशोधनासाठीच्या तपासण्यांचे पैसे कोणी मागितले, तर तिथून उठावे.

चाचणीत गेलो म्हणजे नवे औषध मिळालेच, असेही नाही. डिमेन्शियाच्या अल्झायमर या प्रकारावरील लेकानेमॅब या औषधाच्या चाचणीत १,७९५ जण होते. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसता सलाईनसारखा दिसणारा द्रव. कोणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. दीड वर्षाने औषध घेणाऱ्यांची घसरण २७ टक्के कमी दिसली. घसरण मंदावली; गेलेली आठवण परत आली नाही. शिवाय औषध घेणाऱ्यांपैकी साधारण आठांत एकाच्या मेंदूला सूज दिसली. जो हे आधी सांगत नाही, त्याच्या कागदावर सही करू नये.

सगळ्यात महागात पडणारा समज मात्र वेगळाच : ‘सगळे उपाय थकले, की मग चाचणी बघू.’ लेकानेमॅबसारख्या औषधांच्या चाचण्यांत सुरुवातीच्या टप्प्यातलेच रुग्ण घेतात. आणि त्याच टप्प्यात माणूस स्वतः हो किंवा नाही म्हणू शकतो. पुढे ती सही मुलाला करावी लागते.

तेव्हा वडील ओळखीचा रस्ता पुन्हा चुकले, की मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. चाचणीचा विषय निघालाच तर वडिलांना बाहेर बाकावर बसवू नका.