बायोमेडिकल सायंटिस्ट : पदवी अर्धी, लॅब अर्धी!

रक्ताच्या नमुन्यात पोटॅशियम खूप वाढलेलं दिसतंय. पेशंट गंभीर आहे, की नमुना घेतानाच लाल पेशी फुटल्या? पेशींमधलं पोटॅशियम बाहेर आलं की आकडा खोटाच वाढतो. हे पुस्तकात वाचता येतं, पण लालसर झालेला सीरम ओळखणारी नजर लॅबमध्येच तयार होते. 🔬

म्हणूनच ब्रिटनमध्ये नुसत्या बी.एस्सी.वर ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ म्हणवून घेता येत नाही. हे नाव कायद्याने राखीव आहे, त्यासाठी एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी लागते.

नेहमीची वाट अशी :
✅ इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्सची (स्थापना १९१२) मान्यता असलेली पदवी
✅ मान्यताप्राप्त लॅबमध्ये प्रशिक्षण आणि पुराव्यांसह भरलेला पोर्टफोलिओ
✅ बाहेरच्या परीक्षकाकडून त्याची पडताळणी, मग सक्षमतेचं प्रमाणपत्र

काही विद्यापीठांत पदवीच्या मधलं एक वर्ष हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढता येतं. इंग्लंडमध्ये डिग्री अप्रेंटिसशिपही आहे : नोकरी, पगार आणि पदवी एकत्र, फी विद्यार्थ्याच्या खिशातून नाही!

तिकडे शिकायला जाणाऱ्यांनो, प्रवेशाआधी एक प्रश्न नक्की विचारा : “लॅब प्लेसमेंटची हमी आहे का?” मान्यताप्राप्त पदवी मिळाली म्हणजे प्लेसमेंट मिळालीच असं नाही.

आपल्याकडचे डीएमएलटीवाले (लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा केलेले) काय म्हणतात? तुमचा हात कुठे बसला, वर्गात की लॅबमध्ये? 👇

#लॅबगप्पा #करिअर