शरीरांतील धातु आणि पाझरणारें औषध

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे झालेल्या भूकंपानें लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यांतील सास्तूर या गांवांची काय अवस्था केली, हें आपणांस विदित आहेच. दगडमातीच्या भिंतीखालीं माणूस सांपडला म्हणजे हाड केवळ मोडत नाहीं. पुष्कळदां तें कातडी फाडून बाहेर येतें व जखमेंत माती शिरते. असें हाड सांधण्यासाठीं शल्यवैद्य धातूची पट्टी किंवा सळई बसवितात. परंतु जखमेंत जंतु राहिले, तर आधारासाठीं बसविलेली ती वस्तूच त्यांचें घर होऊन बसते. रस्त्यावरील अपघात आणि वृद्धांचे मोडलेले खुबे यांमुळें हा प्रश्न आज सामान्य कुटुंबांतही येऊन पोंचला आहे. म्हणून त्यावरील एका उपायाचा विचार करूं.

प्रथम अडचण कोणती तें पाहूं. औषध पोटांत घेतलें वा शिरेंतून दिलें, तरी तें रक्ताबरोबर जातें; धातूंत मात्र रक्तवाहिनी नाहीं. त्याच्या पृष्ठभागावर जंतु एकदां चिकटले म्हणजे स्वतःभोंवतीं बुळबुळीत थर निर्माण करितात. रांजणाच्या आंतील शेवाळ नुसतें पाणी बदलल्यानें जात नाहीं, घासावें लागतें. तसाच हा प्रकार. १९५७ सालीं एलेक व कोनेन या संशोधकांनीं दाखविलें कीं, कातडींत पू होण्यास एरव्हीं लक्षावधि जंतु लागतात. तेथें रेशमी टांका असल्यास कांहीं शेंच पुरतात.

यावर हॅम्बुर्ग येथील शल्यवैद्य बुखहोल्झ यांनीं १९७० सालीं एक युक्ति प्रसिद्ध केली. कृत्रिम खुबा पक्का बसविण्यासाठीं जें सिमेंट वापरतात, तें घर बांधण्याचें नव्हे. दांतांची कवळी ज्या ॲक्रिलिक द्रव्याची करितात, त्याच जातीचें तें आहे. लहान रेणु एकमेकांस जोडले जाऊन त्याच्या लांब सांखळ्या बनतात. अशा पदार्थास बहुवारिक म्हणतात. भुकटी व द्रव कालविले कीं थोड्याच मिनिटांत तें घट्ट होतें. त्या भुकटींतच त्यांनीं जेंटामायसिन हें प्रतिजैविक मिसळलें. सिमेंट घट्ट होतांना बरेंच तापतें. परंतु हें औषध त्या उष्णतेनें निकामी होत नाहीं, हा त्याचा मोठा गुण.

माठांतून पाणी पाझरावें, तसें हें औषध सिमेंटच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरतें. पहिल्या कांहीं दिवसांत अधिक, पुढें थोडथोडें. त्यामुळें जेथें हवें तेथेंच तें विपुल मिळतें व इतर शरीरांत फारसें पसरत नाहीं. पुढें याच द्रव्याचे सुमारें ७ मिलिमीटरचे मणी तारेंत ओवून उघड्या जखमांत ठेवूं लागले. परंतु ते काढण्यास पुष्कळदां पुन्हां शस्त्रक्रिया लागते. म्हणून शरीरांत आपोआप विरून जाणारीं बहुवारिकें निघालीं. हृदयाची गति राखणाऱ्या यंत्रासाठीं तशी औषधयुक्त जाळीची पिशवी करितात. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या सुमारें ७,००० रुग्णांच्या चांचणींत, वर्षभरांतील गंभीर जंतुसंसर्गाचें प्रमाण पिशवीविना शेंकडा १.२, तर पिशवीसह ०.७ आढळलें.

तथापि या उपायास मर्यादा आहेत. सिमेंटांतील बरेंच औषध आंतच अडकून राहतें. आणि अत्यल्प प्रमाणांत दीर्घकाळ पाझरणारें औषध जंतूंस न मारतां उलट निर्ढावूं शकतें. शिवाय इंग्लंडांतील जॉन चार्नली यांनीं १९६० नंतरच्या दशकांत, असें सिमेंट प्रचारांत येण्यापूर्वींच, शस्त्रक्रियागृहांतील हवा व वस्त्रें यांची शुद्धता वाढवून जंतुसंसर्ग शेंकडा सातांहून अधिक होता तो सुमारें एकावर आणला. पाझरणारें औषध हें स्वच्छतेचें सोबती आहे. तिची जागा तें घेऊं शकत नाहीं.

घरच्या माणसांचेंही कर्तव्य आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं रुग्णास मधुमेह असल्यास तो आटोक्यांत आणावा, तंबाखू सोडवावी. अंगावरील गळूं, किडलेला दांत, लघवीची जळजळ, तसेंच एखादें औषध सोसत नसल्यास तें वैद्यांस सांगावें. घरीं आल्यावर जखम पाझरूं लागली, लाल झाली वा ताप आला, तर दुकानांतून गोळ्या आणून दिवस काढूं नयेत. अशा वेळीं प्रत्येक दिवस मोलाचा असतो. ज्यांनीं शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडेच रुग्णास तत्काळ न्यावें.