कंट्रोलची कळ कोपऱ्यात कशी गेली

संगणकावर मजकूर लिहिण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टेक्स्ट एडिटर या प्रोग्रामांमध्ये शेकडो आज्ञा आधीपासूनच ठरावीक कळींना जोडलेल्या असतात आणि वापरणारा बहुधा त्या जशाच्या तशा स्वीकारतो. या मूळ जोडण्या, म्हणजेच डिफॉल्ट शॉर्टकट, हाताच्या ठेवणीचा विचार करून ठरवल्या असाव्यात असा समज सहज होतो. परंतु त्यांपैकी पुष्कळशा केवळ ज्या यंत्रावर तो प्रोग्राम घडला, त्या यंत्राच्या कळफलकावरून ठरल्या. पुढे कळफलक बदलले, शॉर्टकट मात्र तेच राहिले, आणि आज दिवसभर टंकलेखन करणाऱ्याच्या करंगळीला जो ताण सोसावा लागतो त्याचा बराचसा भाग या विसंगतीतून आलेला आहे.

बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोर लिअर सिगलर कंपनीचे ‘एडीएम-3ए’ हे टर्मिनल होते. टर्मिनल म्हणजे दूरच्या संगणकाशी जोडलेला पडदा आणि कळफलक. या टर्मिनलवर बाणांच्या स्वतंत्र कळी नव्हत्या. एच, जे, के आणि एल या अक्षरांच्या कळींवरच डावा, खालचा, वरचा व उजवा असे बाण छापलेले होते, आणि व्हीआयने कर्सर हलवण्यासाठी याच चार कळी घेतल्या. या निवडीमागे बोटांच्या सोयीचा सखोल विचार होता असे तिचे चाहते सांगतात, पण उजवी तर्जनी विसाव्याला जे या कळीवर असते आणि एचसाठी तिला दर वेळी एक घर डावीकडे सरकावे लागते, एवढे पाहिले तरी ही सोय कळफलकाने आयती दिलेली होती हे उघड होते.

व्हीआयच्या आज्ञा एकेका अक्षराच्या का आहेत, याचे उत्तर टेलिफोनच्या तारेत आहे. जॉय यांना हा एडिटर 300 बॉडच्या मोडेमवरूनही वापरता यावा असे वाटत होते. या वेगाने सेकंदाला साधारण 30 अक्षरे येतात, म्हणजे 24 ओळींचा, प्रत्येक ओळीत 80 अक्षरे असलेला पडदा पूर्ण भरायला एक मिनिटाहून अधिक वेळ लागतो. अशा स्थितीत थोडक्या कळींत पुष्कळ काम उरकणारी भाषाच परवडणारी होती. त्यासाठी व्हीआयमध्ये दोन अवस्था ठेवल्या गेल्या. एकीत कळ दाबली की अक्षर उमटते, दुसरीत तीच कळ आज्ञा ठरते, आणि लेखनातून आज्ञेकडे परतण्यासाठी एस्केपची कळ दाबावी लागते. एडीएम-3ए वर ही कळ आज जेथे टॅब असते तेथे, करंगळीच्या आवाक्यात होती. आजच्या कळफलकावर ती अगदी वरच्या कोपऱ्यात गेल्यामुळे दिवसातून शेकडो वेळा दाबायच्या या कळीसाठी हात जागेवरून उचलावा लागतो.

याच वर्षी एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांच्या कामातून ‘ईमॅक्स’ आकाराला आला. येथे वेगळ्या अवस्था नाहीत. साधी कळ नेहमी अक्षरच उमटवते आणि आज्ञा देण्यासाठी कंट्रोल किंवा मेटा या साहाय्यक कळी दाबून धराव्या लागतात. एमआयटीतच जॉन कुल्प यांनी रचलेल्या ‘स्पेस-कॅडेट’ या कळफलकावर कंट्रोल, मेटा, सुपर आणि हायपर अशा चार साहाय्यक कळी स्पेसबारच्या दोन्ही बाजूंना होत्या आणि त्यांत कंट्रोल स्पेसबारला सर्वांत जवळ होती. अंगठा हे हाताचे सर्वांत सशक्त बोट. त्याने कंट्रोल धरून इतर बोटांनी अक्षरे दाबणे तेथे स्वाभाविक होते. आता आजच्या लॅपटॉपवर ईमॅक्समधील ‘एक अक्षर पुढे’ ही आज्ञा, म्हणजे कंट्रोल आणि एफ, देऊन पाहावी. डावी तर्जनी एफवर राहते, करंगळी मुडपून खालच्या कोपऱ्यात उतरते, आणि तिच्यामागोमाग मनगट बाहेरच्या बाजूला वळते. ही हालचाल एकदा केली तर जाणवतही नाही. दिवसभर केली तर जे दुखणे उद्भवते, त्याला प्रोग्रामरांच्या बोलीत ‘ईमॅक्स पिंकी’ म्हणजे ईमॅक्सची करंगळी असे नावच पडले आहे. स्वतः स्टॉलमन यांनाही 1990 च्या दशकाच्या मध्यास हातांच्या तीव्र वेदनांनी गाठले होते, मात्र त्यांनी दोष दिला तो कडक कळींना, शॉर्टकटना नव्हे.

कंट्रोल कोपऱ्यात गेली ती 1980 च्या दशकाच्या मध्यास. आयबीएमच्या 1981 च्या पहिल्या पीसीवर ती एच्या लगेच डावीकडे होती, आणि 1978 सालच्या वर्डस्टार या लोकप्रिय प्रोग्रामने कंट्रोलसह ई, एस, डी व एक्स ही चौकट कर्सर हलवण्यासाठी वापरली होती ती कंट्रोल याच जागी असते या भरवशावर. आयबीएमच्या 101 कळींच्या नव्या कळफलकाने एच्या शेजारची ती मोक्याची जागा कॅप्स लॉकला दिली, आणि पुढे जगभरच्या उत्पादकांनी हाच आराखडा उचलला. जवळजवळ कधीच न लागणाऱ्या कळीला उत्तम जागा आणि सतत लागणाऱ्या कळीला कोपरा, यापेक्षा उलटी वाटणी कल्पिणे कठीण आहे.

कापणे, नकलणे आणि चिकटवणे यांसाठीच्या एक्स, सी, व्ही या कळींचा इतिहासही याच वळणाचा आहे. लॅरी टेस्लर यांनी झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात 1970 च्या दशकात या क्रिया घडवल्या आणि ॲपलच्या लिसा व मॅकिंटॉश या संगणकांवर त्या खालच्या ओळीतील शेजारशेजारच्या कळींवर बसल्या. मॅकिंटॉशची कमांड कळ स्पेसबारलगत असल्याने तेथे अंगठा पुरतो; विंडोजने अक्षरे तीच घेतली, पण कमांडच्या जागी कोपऱ्यातली कंट्रोल आली आणि अंगठ्याचे काम करंगळीकडे गेले.

यावरचे उपाय साधे आहेत. कंट्रोल एका हाताने आणि अक्षर दुसऱ्या हाताने दाबले की मनगट वळत नाही, मात्र त्यासाठी उजवीकडे कंट्रोल असावी लागते, आणि ॲपलच्या लॅपटॉपवर ती नसतेच. व्हीआयमध्ये एस्केपऐवजी कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस दाबला तरी संगणकाला तोच संकेत मिळतो. सर्वांत हिताचा उपाय म्हणजे कॅप्स लॉकलाच कंट्रोल करणे. मॅकवर ही सोय कळफलकाच्या सेटिंगमध्येच असते, विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्याच ‘पॉवरटॉइज’ या मोफत प्रोग्रामातून ती मिळते.

मराठी लिहिणाऱ्याचे तर यात काहीच जात नाही. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, त्यामुळे इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या कळफलक-रचनेत कॅप्स लॉकला काम उरत नाही, आणि ‘ठ’सारख्या अक्षरांसाठी लागणारी शिफ्ट वेगळीच असते. अर्थात व्हीआयमध्ये मराठी लिहिणाऱ्याला एक जास्तीची अडचण आहे: इनस्क्रिप्ट चालू असताना आज्ञा म्हणून दाबलेल्या एचमधून ‘प’ बाहेर पडतो, त्यामुळे प्रत्येक आज्ञेपूर्वी इंग्रजी कळफलकाकडे परतावे लागते. ईमॅक्समध्ये इनस्क्रिप्ट अंगभूत आहे आणि कंट्रोल व उलटी तिरकी रेघ यांनी ते चालू-बंद होते. ते चालू असतानाही कंट्रोलच्या आज्ञा बिघडत नाहीत. इंग्रजी-मराठी अदलाबदलीसाठी कॅप्स लॉक आधीच नेमलेली नसेल, तर तिला आजच कंट्रोलचे काम द्यावे आणि सवय बसायला आठवडाभर धीर धरावा.