पाळीचे दुखणे : पिशवी काढण्याची घाई करू नका

दसरा उलटला की मलकापूर तालुक्यात कपाशीच्या वेचणीला जोर येतो. दहिवर उडाले की बाया शेतात उतरतात, कमरेला ओटी बांधतात आणि आपापली ओळ धरून पुढे सरकू लागतात. अशा वेळी एखादी बाई मागे पडते. ओटीपोट दाबून धरते, कमरेवर हात ठेवून थोडी उभी राहते आणि मग बांधावर जाऊन बसते. बरोबरीच्या बाया काही विचारीत नाहीत. तिचे हे दर महिन्याचे आहे, हे त्यांना ठाऊक असते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्यामुळे त्या दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते, घरी बोलणी बसतात, आणि बाई पुढच्या महिन्यापर्यंत गप्प राहते.

‘बाईच्या जन्माला हे लागलेलेच’ असे म्हणून आपण हा विषय मिटवतो. पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी थोडी कळ येणे, कंबर भरून येणे हे पुष्कळ जणींना होते. पण दुखण्याने अंथरूण धरावे लागत असेल, ओकाऱ्या होत असतील, शौचाला किंवा लघवीला बसताना कळ निघत असेल, नवऱ्याजवळ जाताना वेदना होत असतील, किंवा दुखणे दर वर्षी वाढतच चालले असेल, तर ते नेहमीचे दुखणे नव्हे. त्यामागे आजार असू शकतो.

आजार काय आहे?

गर्भाशयाला, म्हणजे आपण जिला पिशवी म्हणतो तिला, आतून एक अस्तर असते. ते दर महिन्याला जाड होते आणि गर्भ राहिला नाही म्हणजे पाळीच्या रूपाने बाहेर पडते. काही स्त्रियांत अशाच जातीचे अस्तर पिशवीच्या बाहेर, अंडाशयावर, पिशवीच्या मागे किंवा आतड्यावर वाढते. महिन्याच्या चक्राबरोबर तेही सुजते व त्यातून रक्त पाझरते, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग तेथे दाह होतो, आतले अवयव एकमेकांना चिकटतात आणि वेदना सुरू होतात. या आजाराला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. हेच अस्तर पिशवीच्या स्नायूंच्या भिंतीत शिरले तर त्याला ॲडिनोमायोसिस म्हणतात. त्यात पिशवी जाड व जड होते, दुखते आणि अंगावरून फार जाते. सोनोग्राफी करून आलेल्या बाईला ‘पिशवीला सूज आहे’ असे जे सांगतात, त्यात पुष्कळदा हा आजार असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातील दर १० स्त्रियांमागे साधारण एकीला एंडोमेट्रिऑसिस असतो. म्हणजे वेचणीला दहा बाया असल्या तर त्यांत एखादी असू शकते. तरीही तो ओळखू यायला अनेक वर्षे जातात. सोनोग्राफीत तो नेहमीच दिसतो असे नाही. तेव्हा रिपोर्ट चांगला आला म्हणून बाई सोंग करते, असा अर्थ कोणी काढू नये.

हे दुखणे सांगायला बाया आजच लाजतात असे नाही. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी आपल्याच विदर्भातील गडचिरोली जिल्ह्यात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. दुखणे घरोघर होते, बोलत मात्र कोणी नव्हते.

दुखण्याला दुखणे कसे लागते?

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पुढे जांघांमधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ती ताणलेली असते. मूत्राशय, पिशवी आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात. लघवी-शौचाच्या वेळी ही झोळी सैल पडते आणि खोकताना, ओझे उचलताना घट्ट होते.

पराणी एकदा जोरात टोचलेला बैल नुसती पराणी उचललेली पाहूनही अंग आकसतो. दर महिन्याला वेदना सोसणाऱ्या शरीराचे असेच होते. पोट, मांड्या, कंबर आणि ही खालची झोळी आधीच आवळून धरण्याची त्याला सवय लागते. सतत आवळलेला स्नायू स्वतःच दुखू लागतो. मग पाळी नसतानाही कंबर ठणकते, शौचाला कुंथावे लागते, लघवी अडखळते, संबंधाच्या वेळी वेदना होतात. मूळ आजारावर गोळ्या किंवा शस्त्रक्रिया झाली तरी ही आवळलेली झोळी आपोआप सैल होतेच असे नाही. येथेच ओटीपोटाच्या फिजिओथेरपीचा उपयोग होतो.

आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे की व्यायामाने हे वाढलेले अस्तर विरघळत नाही. आजारावरचा इलाज डॉक्टरांचाच. फिजिओथेरपीने स्नायूंचा ताठरपणा उतरतो, दुखणे आवाक्यात येते आणि कामाचे दिवस वाचतात. इटलीतील बोलोन्या येथे अशा ३४ स्त्रियांवर केलेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात फिजिओथेरपी मिळालेल्या गटात तळाचे स्नायू अधिक सैल झाले आणि संबंधाच्या वेळचे दुखणे कमी झाले. असे प्रयोग अजून थोडे आहेत, पण या उपायात धोका कमी आणि खर्च थोडा आहे.

घरी करण्यासारखे

पोटाने श्वास : उताणे निजून गुडघे उभे करावेत. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवावा. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्यावा. पोटावरचा हात वर यावा आणि खालची झोळी सैल होऊन खाली उतरते आहे असे मनात आणावे. सहा आकडे मोजत सावकाश श्वास सोडावा. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे करावे. बाकीचे काही जमले नाही तरी एवढे चुकवू नये.

बालासन : टाचांवर बसून गुडघे फाकवावेत, पुढे वाकून कपाळ उशीवर टेकावे. असेच आठ-दहा श्वास राहावे.

मार्जारासन : हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन पाठ हळू वर उचलावी, मग हळू खाली सोडावी. आठ-दहा वेळा.

मांड्या मोकळ्या करणे : उताणे निजून तळपाय एकमेकांना जोडावेत, गुडघे बाजूंना पडू द्यावेत आणि त्यांच्या खाली गोधडीची घडी द्यावी. दोन-तीन मिनिटे.

शेक : गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून ओटीपोटावर किंवा कमरेवर १५ ते २० मिनिटे ठेवावी. ती ठेवून झोपू नये, कातडी भाजते.

यांपैकी कशाने कळ वाढली तर ते थांबवावे. आणखी एक सावधगिरी घ्यावी. बाळंतपणानंतर लघवीची जागा आवळण्याचा व्यायाम सांगतात. ज्यांची झोळी आधीच आवळलेली आहे त्यांचे दुखणे त्याने वाढू शकते. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून तो सुरू करू नये, आधी तपासून घ्यावे.

शेतातील काम

ओटी काठोकाठ भरू देऊ नये, अर्धी झाली की रिकामी करावी. निंदताना उकिडवे बसून तासन्‌तास जातात. अर्ध्या तासाने उभे राहून कंबर सरळ करावी, चार पावले चालावे. शेतात आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. त्याने मलावरोध होतो आणि ओटीपोट आणखी दुखते. शेतमालकाने एका कडेला चार पऱ्हाट्यांचा किंवा गोणपाटाचा आडोसा करून दिला तर खर्च काही येत नाही, बायांची मात्र मोठी सोय होते.

पिशवी काढण्यापूर्वी

आपल्याकडे दोन मुले झाली की ‘आता पिशवीचे काय काम, काढून टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. पाळीने काम बुडते, उचल अंगावर राहते, या धास्तीनेही पुष्कळ जणी शस्त्रक्रियेला तयार झाल्या होत्या. गरज नसताना होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांना आळा बसावा म्हणून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सर्व राज्यांना सांगितले.

ॲडिनोमायोसिस फार वाढला असेल, इतर उपाय थकले असतील आणि पुढे मूल नको असेल, तर पिशवी काढणे हा योग्य इलाज ठरू शकतो. पण एंडोमेट्रिऑसिस पिशवीच्या बाहेर असतो. नुसती पिशवी काढून तो जाईलच असे नाही. अंडाशयेही लहान वयात काढली तर पाळी जाण्याचे त्रास लवकर सुरू होतात आणि हाडे ठिसूळ होतात. म्हणून डॉक्टरांना विचारावे : नेमका आजार कोणता? गोळ्यांनी किंवा पिशवीत बसवण्याच्या औषधी साधनाने भागेल का? अंडाशये ठेवणार की काढणार? शिवाय दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नये.

मलकापूरच्या सरकारी दवाखान्यात सुरुवात करावी. पुढच्या तपासणीसाठी बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय आहे. अकोला व जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि मलकापूरहून दोन्हीकडे रेल्वे जाते. फिजिओथेरपी विभागात ‘स्त्रियांच्या ओटीपोटाच्या दुखण्यावर उपचार होतात का’ असे स्पष्ट विचारावे व स्त्री तज्ज्ञ मागावी. आतून तपासणी आपल्या संमतीशिवाय होत नाही. नको असेल, किंवा मुलगी कुमारी असेल, तर श्वास, ताण आणि बाहेरून केलेल्या उपचारांवर काम चालते.

जाताना तीन महिन्यांची नोंद न्यावी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीचे दिवस, दुखण्याला दहापैकी किती गुण, किती घड्या किंवा पॅड लागले आणि किती दिवस काम बुडले, एवढे लिहिले तरी पुरे. डॉक्टरांना त्यावरून पुष्कळ कळते. अंगावरून फार जात असेल तर हिमोग्लोबिन तपासावे. मात्र पाळी चुकून एकाएकी जोराची कळ आली, चक्कर आली, तापासह पोट दुखू लागले, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर नोंदीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सासूबाईंना आणि घरच्या कर्त्या पुरुषांना शेवटी एकच सांगणे आहे. गाय चारा खाईना तर आपण त्याच दिवशी डॉक्टरला बोलावतो. घरची सून दर महिन्याला दोन दिवस जेवत नसेल, तर तिलाही एकदा विचारा, आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जा.