म्हातारं मांजर रात्री ओरडतं, घरात घाण करतं. हा हट्ट आहे की आजार?

इतकी वर्षं शहाण्यासारखं वागणारं मांजर अचानक गादीवर लघवी करायला लागतं. मध्यरात्री घरभर फिरत ओरडतं. हात लावला की फिस्कारतं. मग घरात कुणीतरी म्हणतं, "याला पोत्यात घाला आणि लांब सोडून या."

पण थांबा. मांजराच्या बदललेल्या वागण्यामागे अनेकदा आजार असतो.

मांजर म्हातारं कधी होतं?

साधारण दहा वर्षांनंतर. दहा वर्षांचं मांजर म्हणजे माणसाच्या हिशेबात पंचावन्नच्या पुढचं. पंधरा वर्षांचं म्हणजे पंच्याहत्तरीतलं. मांजर दुखणं लपवतं, त्यामुळे आपल्याला आधी दिसतं ते त्याचं वागणं.

कोणतं लक्षण काय सांगतं?

खूप पाणी पिणं, खूप लघवी, वजन घटणं : किडनीचा आजार किंवा मधुमेह असू शकतो.

भरपूर खाऊनही वाळत जाणं, अस्वस्थपणा, ओरडणं : थायरॉइड वाढलेलं असू शकतं.

उडी न मारणं, उचललं की चावणं : सांधेदुखी. घमेल्याची उंच कड चढताना पाय दुखतात, म्हणून ते बाहेरच घाण करतं.

भिंतीकडे बघत बसणं, रात्री ओरडणं : म्हातारपणातला विसराळूपणा मांजरांनाही होतो.

अचानक दिसेनासं होणं : यामागे वाढलेला रक्तदाब असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरी काय करायचं?

नशिराबाद, जळगाव, भुसावळ या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. किडनी कमजोर असलेल्या मांजराच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं. म्हणून घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा आणि जेवण ओलसर द्या. घमेल्याऐवजी कमी कडेचा पसरट ट्रे वापरा. रात्री एखादा छोटा दिवा चालू ठेवा. महिन्यातून एकदा वजन करा : आधी मांजराला घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकटे. फरक म्हणजे मांजराचं वजन.

काय करायचं नाही?

माणसांच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कांदा-लसूण घातलेलं कालवण नको. घाण केली म्हणून मारू नका, घाबरलेलं मांजर आणखी लपून करतं.

डॉक्टर कुठे?

गावातल्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी जास्त असते, पण मांजरही दाखवता येतं. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. मांजराची रक्त-लघवी तपासणी कुठे होते, हे डॉक्टरांना विचारा. म्हाताऱ्या मांजराची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी. मांजर दिवसभर काहीच खात नसेल किंवा बोका जोर करूनही लघवी होत नसेल, तर उद्यावर टाकू नका.

आणि सोडून दिलं तर?

पाळीव जनावराचे भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा अवस्थेत त्याला विनाकारण सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, घरात वाढलेल्या म्हाताऱ्या मांजराला नव्या जागी शिकार जमत नाही आणि कुत्र्यांपासून पळताही येत नाही.

किडनीचा जुना आजार पूर्ण बरा होत नाही, पण योग्य आहार आणि औषधांवर अनेक मांजरं पुढे बराच काळ नीट जगतात. त्यामुळे पोतं शोधण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा.