युद्ध ३६ तासांचं, कैद पाच महिन्यांची: गोव्यातले पोर्तुगीज सैनिक का अडकले?

१८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड दोडामार्गहून गोव्यात शिरली. (दोडामार्ग आज सिंधुदुर्गात आहे, तेव्हा हा जिल्हाच नव्हता, सगळं रत्नागिरीत.) १९ तारखेच्या रात्री गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली आणि हजारो पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले. वास्को, फोंडा अशा ठिकाणी त्यांच्या छावण्या होत्या.

मग मायदेशी पाठवायला इतका उशीर का? अडचण लिस्बनची होती. हुकूमशहा सालाझार यांचा आदेश मरेपर्यंत लढण्याचा होता. वासालो इ सिल्वा यांनी तो पाळला नाही, म्हणून शेकडो जीव वाचले. पण सालाझार यांच्या लेखी ही नामुष्की होती. परतीच्या वाटाघाटी रेंगाळत गेल्या. अखेर मे १९६२ मध्ये कैदी विमानांनी कराचीला आणि तिथून जहाजांनी लिस्बनला पोहोचले. सुटका म्हणावी, तर बंदरावर लष्करी पोलिसांचा पहारा!

वासालो इ सिल्वा यांना पुढे सैन्यातून काढून टाकण्यात आलं. १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांचा हुद्दा परत मिळाला. १९८० मध्ये ते गोव्यात आले, तेव्हा लोकांनी त्यांचं आपुलकीनं स्वागत केलं.